ऑटिझम कशामुळं होतो? कोल्हापूरच्या पालकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, राजारामपुरीतल्या एका घरात आम्ही ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलांचे काही पालक जमतो. कुणी गडहिंग्लजहून येतं, कुणी इचलकरंजीहून, कुणी दोन गल्ल्या चालून. नवीन जोडपं आलं की चहा यायच्या आत एक प्रश्न येतोच: हे कशामुळं झालं? बहुतेक वेळा आई विचारते आणि बाप खिडकीबाहेर बघत असतो. दरवेळी तोंडी सांगून माझा घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि माझा बारा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

माझं काय चुकलं?

काहीही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं बारकाईनं वर्णन केलं. ही मुलं जन्मतःच अशी असावीत, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. पण त्याच लेखात आईवडील जरा कोरडे वाटल्याचंही लिहिलं. पुढं लोकांनी पहिली गोष्ट सोडून दिली आणि दुसरी उचलली. 'फ्रिजसारखी थंड आई' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढलं. तिकडच्या तज्ज्ञांनी वीस वर्षं जे आयांच्या डोक्यावर ठेवलं, तेच आपल्याकडं सासू, जाऊबाई आणि शेजारीण एकही पुस्तक न वाचता ठेवतात. कारण शोधणं वेगळं आणि गुन्हेगार शोधणं वेगळं, एवढं धरून पुढचं वाचा.

आमच्यात कुणालाच नाही. मग ह्याला कुठनं आलं?

जनुकांमुळं आलं म्हणजे घरात आधी कुणाला तरी दिसलंच पाहिजे, असं नसतं.

एक तर, जनुकांतले शेकडो बारीक फरक आपल्या सगळ्यांत विखुरलेले असतात. एकेकट्याचा परिणाम नगण्य. आईकडचे थोडे, वडिलांकडचे थोडे असे एका मुलात गोळा झाले की त्यांचं वजन जाणवतं. आमच्या गटातल्या एका बाईंचे चुलते सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगायचे. लग्नकार्यात कधी बसायचे नाहीत, जेवणात रोज तीच भाजी. त्यांना कुणी ऑटिस्टिक म्हटलं नाही, 'जरा तऱ्हेवाईक' म्हटलं. 'आमच्यात कुणी नाही' म्हणणाऱ्या घरात असे एक-दोन तऱ्हेवाईक बहुधा निघतात.

दुसरं, नवा बदल. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जनुकाची नक्कल उतरवण्यात चूक होते. आईबापांच्या रक्तात ती नसते, मुलात असते. कधी एकाच जनुकात, कधी गुणसूत्राचा एक तुकडाच गाळला जातो किंवा दोनदा येतो. सोळाव्या गुणसूत्रावरचा असा एक तुकडा संशोधकांना चांगलाच माहीत आहे.

तिसरं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लपून चालत आलेलं. त्याचं पुढं येतंच.

८० टक्के आनुवंशिक म्हणतात. म्हणजे माझ्या पोरात ८० टक्के आमचं आणि २० टक्के बाहेरचं?

नाही. या आकड्याइतका घोळ दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं घातला नसेल. म्हणून उसावर समजावते.

ऊस आपण डोळ्यापासून लावतो. एकाच कांडीवरचे दोन डोळे म्हणजे उसातली एकसारखी जुळी. एक डोळा नदीकाठच्या मळीत लावला आणि दुसरा माळावर, तर वाढीत जो फरक पडेल तो जमिनीचा. उलट एकाच सरीत, एकाच पाण्यावर ८६०३२ आणि शेजारी दुसरी जात लावली, तर फरक बेण्याचा. सगळा शिवार पाहून आपण म्हणू शकतो की इथं उसाउसात जो फरक दिसतो त्यातला बराचसा बेण्यामुळं आहे. पण एका उसाकडं बोट दाखवून 'ह्यातलं किती किलो बेण्याचं आणि किती पाण्याचं' असं विचारलं, तर शेतकरी हसेल. पाणी नसतं तर ऊसच नसता. ८० टक्के हा आकडा शिवाराचा आहे, एका उसाचा नाही.

माणसांत हे जुळ्यांवरून कळलं. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक होते, वेगवेगळ्या चेहऱ्याच्या १० जोड्यांत एकही जोडी तशी नव्हती. पुढं २०१९ मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २० लाखांवर मुलांच्या नोंदींवरून ८० टक्क्यांचा अंदाज आला.

आणि हुबेहूब जुळ्यांतही कधी एकच ऑटिस्टिक असतो. म्हणजे बाकीचंही काही आहे. त्या बाकीच्याला संशोधनात 'पर्यावरण' म्हणतात आणि तिथं दुसरा घोळ होतो. त्याचा अर्थ फक्त धूर आणि सांडपाणी नाही. जनुकं सोडून जे काही आहे ते सगळं: गर्भाशयातली जागा, आईचा ताप, साखर, लवकर झालेली प्रसूती, औषधं, आणि निव्वळ योगायोगसुद्धा.

आईकडनं येतं की बापाकडनं?

दोन्हीकडनं. सासरी हे वाचून दाखवलं तरी चालेल.

एका बाबतीत मात्र घराण्याची चौकशी नीट करावी. फ्रॅजाइल एक्स. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-जी-जी ही तीन अक्षरं ओळीनं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत तिसेक वेळा. ५५ ते २०० वेळा असली तर माणूस वाहक, आणि २०० च्या पुढं गेली की जनुकच बंद पडतं. आईकडून मुलाकडं जाताना हा आकडा वाढू शकतो. म्हणून आजोबा धडधाकट, आई ठीक, आणि नातवाला त्रास असं घडतं. सुगावा घरातच असतो: आईच्या वडिलांचे हात साठीच्या आसपास थरथरायला लागले, चालताना तोल जातो, मावशीची पाळी चाळिशीच्या आतच बंद झाली. असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. ऑटिस्टिक मुलांत हे शंभरात एक-दोघांनाच निघतं, पण निघालं तर सगळ्या नातेवाइकांना उपयोगाची माहिती मिळते.

मामाच्या मुलीशी लग्न केलंय. त्यामुळं झालं का?

आपल्या भागात हा प्रश्न येणारच. मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्यात साधारण आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. प्रत्येक माणसाजवळ काही बिघडलेली जनुकं असतात, पण जोडीतली दुसरी प्रत चांगली असते म्हणून निभावतं. नात्यातल्या लग्नात तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. अशानं होणाऱ्या काही आजारांत, उदाहरणार्थ फेनिलकीटोन्युरियात, ऑटिझमसारखी लक्षणं दिसतात. तो आजार वेळेवर कळला तर आहारानं आवरता येतो, म्हणून नात्यातलं लग्न असेल तर चयापचयाची रक्ततपासणी टाळू नका.

पण नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात, आणि ऑटिस्टिक मुलांच्या बहुतेक आईबापांचं आधी काही नातं नसतं. लग्न मोठ्यांनी ठरवलं, तेव्हा दोघांना कुणी विचारलंही नसेल. आता दहा वर्षांनी त्याच मोठ्यांनी टोमणे मारावेत, हे काही मला पटत नाही.

बापाचं वय जास्त होतं, म्हणून?

थोडा फरक पडतो. शुक्राणू आयुष्यभर नव्यानं तयार होतात, प्रत्येक नकलेत चुकीला वाव. २०१२ मध्ये आइसलंडमधल्या अभ्यासात दिसलं की बापाचं वय एका वर्षानं वाढलं की मुलात साधारण दोन नवे बदल जास्त येतात. पाच देशांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बापांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण विशीतल्या बापांच्या मुलांपेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त आलं.

६६ टक्के वाचून पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण हे वाढीचे टक्के आहेत. मुळात शंभरात दीड मुलगा धरला तर ६६ टक्के वाढून तो अडीच होतो. साडेसत्त्याण्णव जणांना काही होत नाही. बातमीत 'धोका दुप्पट' दिसलं की आधी विचारायचं, कशाच्या दुप्पट?

दीड वर्षाची लस दिली आणि बोलणं गेलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मीही पाहिलंय. माझा मुलगा 'आबा', 'काऊ', 'भूर' म्हणायचा. दीड वर्षानंतर एकेक शब्द गेला, 'भूर' शेवटी. लसीकरणाचं कार्ड काढून मी कितीदा तारखा जुळवल्या असतील. मग एका रात्री पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाहिला. सगळे टाळ्या वाजवून हाका मारतायत आणि हा फुगा बांधलेल्या दोरीकडं बघतोय. एकदाही मान वळवली नाही. दीड वर्षाची लस तेव्हा अजून दिलेलीच नव्हती.

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि काही मुलांचे शब्द गळतात तेही याच वयात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, एकीमुळं दुसरी नाही. लसीवरचा आळ १९९८ सालचा. ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख, अवघी १२ मुलं. २०१० मध्ये नियतकालिकानं तो लेख मागं घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कनं साडेसहा लाखांवर मुलं तपासली. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता.

उलटी गोष्ट मात्र खरी आहे. आईला गरोदरपणात रुबेला झाला तर मुलाला ऑटिझमचा धोका वाढतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, त्यातल्या मुलांमध्ये स्टेला चेस यांना ऑटिझमचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. ज्या लसीला लोक घाबरतात, ती ऑटिझमचं एक ठाऊक कारण टाळते.

गरोदरपणात तापाची गोळी घेतली होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरासिटामॉलवर बोट ठेवलं आणि त्या आठवड्यात माझा फोन थांबला नाही. त्याआधी वर्षभर, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. सगळ्यांची सरसकट तुलना केली तेव्हा किंचित फरक दिसला. मग त्यांनी सख्खी भावंडं घेतली: एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. आई तीच, घर तेच. फरक नाहीसा झाला. भारी ताप तसाच अंगावर काढणं गर्भाला चांगलं नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढी गोळी घ्यावी.

खरी काळजी घ्यायची ती फिटसच्या एका गोळीची, व्हॅल्प्रोएटची. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या अभ्यासात ती घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम ४.४ टक्के निघाला, एरवी दीड टक्का. फिटस येणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं की मूल व्हायच्या आधीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून गोळी बदलता येते का विचारा. मनानं बंद करायची नाही, फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

फॉलिक ॲसिडची गोळी मूल राहायच्या आधीपासून घेतलेली चांगली. नॉर्वेत ८५ हजार मुलांच्या पाहणीत ती घेतलेल्या आयांच्या मुलांत तीव्र ऑटिझमचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. त्यात गोळीचा हात किती आणि अशा आया एकूणच तब्येतीला जपतात त्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड. तरी पाठीच्या कण्याच्या व्यंगासाठी ती हवीच, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ज्यांनी घेतली नाही त्यांनी आता खंत करू नये. मी तिन्ही महिने न चुकता घेतली होती.

आमच्या घराशेजारी गुऱ्हाळ आहे. पाचट जळतं, उसावर औषधं मारतात. त्यानं?

गरोदरपणात हवेतले अतिबारीक कण जास्त श्वासात गेलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. कॅलिफोर्नियात २०१४ आणि २०१९ मध्ये, कीटकनाशकं मारलेल्या शेतांजवळ राहणाऱ्या गरोदर बायकांबद्दलही तसंच आढळलं, त्यात क्लोरपायरीफॉससारखी आपल्या दुकानात मिळणारी औषधंही होती. वाढ थोडी आहे, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत गुऱ्हाळ कारणीभूत होतं का, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही.

तरीही मी म्हणेन, सून गरोदर असेल तर फवारणीच्या दिवशी तिला रानात पाठवू नका, औषधाचे कपडे तिला धुवायला देऊ नका, चुलवाणात चिपाडांबरोबर टायर आणि प्लॅस्टिक घालू नका. यासाठी ऑटिझमचं निमित्त कशाला हवं? दम्यासाठी आणि हृदयासाठीही हे करायलाच हवं. पंचगंगेच्या पाण्याचंही तेच. कावीळ व्हायला ते पुरेसं आहे, ऑटिझमशी त्याला जोडणारा पुरावा नाही.

सिझर झालं होतं, आणि बाळ उशिरा रडलं.

सिझरनं ऑटिझम होत नाही. स्वीडनमध्ये भावंडांची तुलना केली तेव्हा तो संबंध उरला नाही. फार अपुऱ्या दिवसांचं बाळ, खूप कमी वजन, प्राणवायू कमी पडणं, आईची अनियंत्रित साखर, दोन बाळंतपणांत वर्षाहूनही कमी अंतर, यांच्याशी संबंध दिसतो. मात्र जन्माच्या वेळची अडचण कधी कधी आधीच असलेल्या वेगळेपणाची खूण असते, कारण नव्हे.

मोबाईल दाखवल्यामुळं झालं का?

नाही. मोबाईल-टीव्हीनं होतो म्हणतात तो 'व्हर्च्युअल ऑटिझम', हे निदान कुठल्याही अधिकृत यादीत नाही. जे मूल माणसांकडं कमी बघतं ते मोबाईलकडं जास्त बघतं, आणि दमलेली आई तो हातात देते. लहान मुलाला तासन्‌तास मोबाईल वाईटच, त्याच्याशी बोलायचा वेळ जातो. पण तो बंद केला आणि मूल महिन्यात बोलायला लागलं, तर मुळात ऑटिझम होता का, हे पुन्हा तपासावं.

ग्रहणात भाजी चिरली होती.

भाजीच चिरली.

पूर्वी नव्हतं हे. आताच एवढं का?

अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत एक अशी नोंद होती, २०२२ साली ३१ मध्ये एक. जनुकं वीस वर्षांत बदलत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं बाहेरचंच काहीतरी आलं. पण निदानाची व्याख्या रुंदावली, सौम्य लक्षणांची मुलं आणि मुली मोजल्या जाऊ लागल्या. डेन्मार्कच्या एका अभ्यासात तिथल्या वाढीतला ६० टक्के भाग नुसत्या नोंदीच्या पद्धतीमुळं होता. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं स्वमग्नतेला वेगळं नाव दिलं, त्याआधी बहुतेकांच्या सर्टिफिकेटवर 'मतिमंद' लिहिलेलं असायचं. उरलेली वाढ खरीही असू शकते: उशिराची लग्नं, आणि पूर्वी न जगणारी अपुऱ्या दिवसांची बाळं आता जगतात.

आमच्या आजोळी, कागलजवळ, तात्या म्हणून एक होते. रोज पहाटे ओढ्यातला एकच दगड पाण्यात टाकायचे, काढायचे, टाकायचे. गाव त्यांना वेडा म्हणायचं आणि दोन वेळ जेवायलाही घालायचं. त्यांचं नाव कुठल्याच आकडेवारीत नाही.

जेनेटिक टेस्ट करावी का? पोटात असतानाच कळत नाही का?

सोनोग्राफीत ऑटिझम दिसत नाही. घरात आधीच एखादा ठरावीक जनुकीय बदल सापडला असेल, तरच पुढच्या गरोदरपणात तो शोधता येतो.

मुलाच्या तपासणीत साधारण तीन गोष्टी येतात: क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्राचे गाळलेले किंवा दोनदा आलेले तुकडे शोधणारी), फ्रॅजाइल एक्स आणि एक्सोम (जनुकांतली अक्षरं वाचणारी). पाचात एखाद्यालाच नेमकं कारण सापडतं. फिटस येत असतील, डोकं फार मोठं किंवा लहान असेल, अंगावर पांढरे डाग असतील, बौद्धिक वाढ खूप मागं असेल किंवा दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर करावी. नुसतं मनाचं समाधान म्हणून कर्ज काढून करू नये, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी त्यावाचून अडत नाही.

आणि केसांच्या तपासणीला भुलू नका. मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही एका खासगी केंद्रात गेलो. त्यांनी मानेवरचे केस कापून पाकिटात घातले, पंधरा दिवसांनी रंगीत तक्ता दिला, शिसं लाल, पारा लाल. 'विष काढायचा' सहा महिन्यांचा कोर्स सांगितला. माझ्या नवऱ्यानं गाडी विकायची तयारी केली होती. साध्या रक्ततपासणीत शिसं नॉर्मल निघालं. असं विष काढताना २००५ मध्ये अमेरिकेत एक मूल दगावलंय. स्टेम सेलचंही तसंच, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑटिझमसाठी ती शिफारसयोग्य नसल्याचं सांगितलंय.

दुसरं मूल होऊ द्यावं का?

हा निर्णय तुमचा, मी फक्त आकडा सांगते. एक मूल ऑटिस्टिक असेल तर पुढच्याला साधारण पाचात एक. पुढचा मुलगा असेल तर चारात एक, मुलगी असेल तर आठात एक. आधीची दोघं ऑटिस्टिक असतील तर शक्यता एक तृतीयांशाच्या थोडी पुढं जाते. एखादं जनुकीय कारण सापडलं असेल तर हे आकडे लागू नाहीत, ते जेनेटिक सल्लागारच सांगतील.

दुसरं झालंच तर त्याच्याकडं वर्षाच्या आतच लक्ष ठेवा: हाक मारल्यावर वळतं का, बोटानं दाखवतं का. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट नावाची चाळणी आहे, बालरोगतज्ज्ञांकडून भरून घ्या. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, किंवा सरळ सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जा. 'मुलगा आहे, उशिरा बोलेल' म्हणून थांबू नका.

थोरल्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल का?

ऑटिस्टिक भावाच्या किंवा बहिणीच्या सख्ख्या भावंडांना होणाऱ्या मुलांची शक्यता स्वीडनमध्ये मोजली, २०२० मध्ये. साधारण शंभरात ३ ते ५ आली, तिथं एरवी दीड असते. म्हणजे शंभरात पंचाण्णवांना नाही. आणि मामा ऑटिस्टिक असो वा काका, फारसा फरक नव्हता, त्यामुळं 'मुलीकडनं येतं' याला आधार नाही. स्थळ बघताना भावाला आतल्या खोलीत ठेवू नका, नंतर कळलं की त्याचाच बोभाटा होतो. मुलाचा जेनेटिक रिपोर्ट असेल तर त्याची एक झेरॉक्स मुलीच्या फाईलला लावा, तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना ती लागेल.